एमरिस, ती खूण मीच केली

एमरिस, काल तुझ्या फ्लॅटची किल्ली देऊन आले. तुझ्या फुटबॉल अकॅडमीचा माणूस आला होता. त्याने कपाटं उघडून बघितली, एसी लावून बघितला, माझी सही घेतली आणि "खलास, मॅडम" म्हणून निघून गेला. इतक्या वर्षांचं तुझं दोह्यातलं बस्तान, आणि आवरायला आम्हा नवरा-बायकोला, मला नि सुहासला, दीड दिवस पुरला. बुटांचेच अकरा जोड निघाले. घरी येऊन चहा ठेवला, तो उकळून आटला तरी मी ओट्यापाशीच उभी. रडूनबिडून नाही रे, नुसतीच दमलेय. सुहासने येऊन गॅस बंद केला.

तुला मराठी येत नव्हतं. येत होता तो एकच शब्द, 'हळू', कारण व्यायाम करवून घेताना मी तो शंभरदा म्हणायचे. तरी मराठीतच लिहितेय. इंग्रजीत लिहायला बसले की हात आपोआप क्लिनिकचा रिपोर्ट लिहायला लागतो. पेशंटचं म्हणणं असं, पेशंटला सल्ला दिला तसा. तुझा रिपोर्ट मी एकदा लिहिलाय, आणि तो कसा लिहिला तेच तर सांगायचंय.

तीन आठवडे झाले तुला जाऊन. पहिल्याच आठवड्यात ग्वेनचा फोन आला होता. तुझी थोरली बहीण, जिला मी फक्त तुझ्या फोनच्या पडद्यावर पाहिलेलं, स्वयंपाकघरात बसून चष्म्यातून आमच्याकडे बघणारी. ती म्हणाली, "जूनमध्ये तो मला म्हणाला होता, फार थकल्यासारखं वाटतं, थोडे दिवस घरी येऊ का. मीच म्हटलं, आता कशाला येतोस, वर्ल्ड कपला वेल्स तिकडे खेळणार, आपल्या घरातलं कुणीतरी मैदानात हवं. मी त्याला येऊ दिलं नाही." मग तिने विचारलं, "तुला काही बोलला होता का तो? काही दुखतंय, काही होतंय?"

मी म्हटलं, "नाही. काहीच नाही. अचानक झालं."

हे खोटं आहे, आणि खरं काय ते तुला नि मला, दोघांनाच माहीत होतं. आता मला एकटीलाच.

तू पहिल्यांदा आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आलास तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण तू खुर्चीवर बसलाच नाहीस. भिंतीला पाठ लावून, अंग अर्धवट वळवून उभा राहिलास, एक डोळा माझ्यावर आणि एक दारावर. मला वाटलं याला पाठीचा त्रास आहे. नंतर कळलं, पंधरा वर्षं बचावफळीत खेळलेला माणूस असाच उभा राहतो. समोर बॉल, मागे स्ट्रायकर, दोन्हीकडे लक्ष. आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा तू तसाच उभा राहायचास आणि येता-जाता माझा कोपर तुला लागायचा. सूक वाकिफमध्ये मसाले घ्यायला गेलो की तू माझ्या पुढे उलटा चालत गप्पा मारायचास, मागे न बघता हातगाडीवाल्याला अचूक वाट द्यायचास. सुहास म्हणायचा, "याच्या डोक्याला मागे आरसा लावलाय."

डावा गुडघा बघून मी विचारलं होतं, "हे कुणी केलं?" तू म्हणालास, "मी आणि ट्रेफरने मिळून."

ती गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की माझ्या नाशिकच्या भावालाही ती पाठ आहे. तुझे वडील शाळेत शिपाई, तू खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबांकडून खेळणारा सेंटर हाफ. गोल करणारा नव्हेस, अडवणारा. आणि मग कधी नव्हे ते देशाच्या संघातून बोलावणं. वर्ल्ड कपला जायचं की नाही हे ठरवणारी मॅच. नुसती बरोबरी साधली तरी पुरे होतं. आणि आठवडाभर आधी तुझा गुडघा सुजला. ट्रेफर तुझ्या क्लबचा फिजिओ, तुझा दोस्त. तू त्याच्यापुढे हात जोडलेस. त्याने मॅनेजरला एका शब्दात सांगितलं, "फिट." मॅचच्या सकाळी सुई टोचून, पट्ट्या गुंडाळून तुला उभा केला. दुसऱ्या हाफमध्ये तुमच्या डोक्यावरून लांब बॉल आला. डाव्या पायावर गर्रकन वळायचं होतं. पाय वळला नाही. तो पोरगेला स्ट्रायकर तुझ्या शेजारून निघून गेला आणि वेल्स घरी बसलं. पुन्हा तुला देशाकडून कुणी बोलावलं नाही.

तुझ्या फ्रिजवर त्या क्षणाचा पेपरातला फोटो होता. तू गुडघ्यावर बसलेला, एक हात वर करून लाइन्समनकडे ऑफसाइड मागणारा. तूच रांगेच्या मागे, आपल्या गोलकडे राहिलेलास, त्यामुळे ऑफसाइड असणं शक्यच नव्हतं. "तरी हात वर केलाच," तू हसत म्हणायचास, "सवय, बाख." बाख म्हणजे तुमच्याकडचं 'बाळा'. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला बाळा म्हणणारा तू एकटाच.

आणि यावरून आपलं भांडण. पाच वर्षं चाललेलं, कधीही न संपलेलं. मी म्हणायचे, ट्रेफर चुकला. तू कितीही विनवण्या केल्यास तरी नाही म्हणणं हेच त्याचं काम होतं. तू म्हणायचास, "मी सत्तावीस वर्षांचा होतो. दुसरी संधी येणार नव्हती. मी मागितलं ते त्याने दिलं. त्याला दोस्त म्हणतात."

"दोस्त नव्हता तो, फिजिओ होता."

"दोन्ही होता."

"दोन्ही होता येत नाही, एमरिस. टेबलावर पेशंट झोपला की दोस्ती दाराबाहेर."

"तू अजून तशा ठिकाणी उभी राहिली नाहीस," असं म्हणून तू पोह्याची बशी पुढे करायचास, आणखी वाढ म्हणून. मला इतका राग यायचा! तू त्या माणसाला दर नाताळात कार्ड पाठवायचास. तो गेला तेव्हा दोन दिवसांच्या रजेवर विमानाने जाऊन त्याच्या शवपेटीला खांदा देऊन आलास. मी म्हटलं होतं, "ज्याने करिअर घालवलं त्याला खांदा देतोस?" तू माझ्याकडे असं बघितलंस की मी उठून चहा टाकायला गेले.

माझे बाबा गेले ते विमानं बंद असतानाच्या दिवसांत. नाशिकला जाता येत नव्हतं, अंत्यसंस्कार मी मोबाइलवर पाहिले. कुणाच्या घरी जायची बंदी होती. तू रोज संध्याकाळी आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये येऊन उभा राहायचास आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्याशी ओरडून बोलायचास. सांत्वनाचं एक अक्षर नाही. जुन्या मॅचेस सांगायचास. कुठल्या मैदानावर चिखलात बूट रुतून बसला, कुठल्या सेंटर फॉरवर्डने कानाला चावा घेतला. वॉचमन हसायचा, शेजारचे बाल्कनीत यायचे. तेरा दिवस आलास. तेरा हा आकडा आमच्यात काय असतो हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. चौदाव्या दिवशी तुझं कामच निघालं म्हणून आला नाहीस. त्याबद्दल मी तुझे आभार कधीच मानले नाहीत. मानायला हवे होते.

आणि मग हा जून. वेल्स वर्ल्ड कपसाठी पात्र ठरलं, आणि तो वर्ल्ड कप कुठे, तर नोव्हेंबरात आपल्याच दोह्यात. पात्रतेची शेवटची मॅच तू आमच्या सोफ्यावर बसून पाहिलीस. बसून कसली, पहिली दहा मिनिटं बसलास, मग भिंतीला पाठ लावून उभा. शिट्टी वाजली तेव्हा तू ओरडला नाहीस. माझ्या ओट्यावरचं हात पुसायचं फडकं घेतलंस आणि तोंडावर धरून उभा राहिलास, बराच वेळ. सुहासने आवाज बंद केला. मग फडक्याच्या आतूनच म्हणालास, "माझ्या दारात येतायत ते. मी गेलो नाही, तर तेच आले."

सारा गाव तेव्हा वर्ल्ड कपच्या तयारीत खणून ठेवलेला. आज या रस्त्याने गेलं तर उद्या तो बंद, वेस्ट बेच्या टॉवरवर इमारतीएवढे खेळाडू चढलेले, ऑफिसात ज्याच्या-त्याच्या तोंडी तिकिटं. तुझा उत्साह तर विचारू नको. अकॅडमीची नोकरी होतीच, वर शुक्रवारी संध्याकाळी बरवा अल बराहा या कामगार वसाहतीजवळच्या मैदानावर तिथल्या कामगारांना शिकवायला जायचास. तिथे तुला कोल्हापूरचा रंगराव भेटला, इमारतींना परांची बांधणारा, आणि तू मला फोन करून विचारलंस, "तुमच्याकडे फुटबॉलवेडं गाव आहे आणि तू मला सांगितलं नाहीस?" मी नाशिकची, मला कुठे ठाऊक! रंगरावला इंग्रजी येत नव्हतं, तुला मराठी नाही. तरी तुम्ही दोघं तासन्‌तास बोलायचात. नुसता हात वर करून "अप!" म्हणालास की तुझी चार जणांची रांग एका झटक्यात पुढे सरकायची.

जुलैमध्ये तू क्लिनिकमध्ये आलास. नेहमीसारखा गुडघा दाखवून झाल्यावर सहज म्हणाल्यासारखं म्हणालास, "मैदानाच्या पायऱ्या चढताना हा डावा खांदा भरून येतो. जबड्यापर्यंत जातं. थांबलं की जातं."

मी खांदा तपासला. वर, मागे, बाजूला. खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. धडधाकट खांदा जिना चढताना दुखतो आणि थांबलं की दुखायचा थांबतो, याचा अर्थ आम्हाला कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकवतात. मी म्हटलं, "हे खांद्याचं नाही. आत्ताच्या आत्ता हृदयाच्या डॉक्टरांकडे चल, मी गाडी काढते."

"नोव्हेंबरनंतर."

"एमरिस!"

"ऐक तरी. कराराचं वर्ष आहे. काही निघालं की ते करार नवा करणार नाहीत. नोकरी गेली की व्हिसा गेला, महिनाभरात मी विमानात. वेल्स इथे खेळणार आणि मी तिकडे ग्वेनच्या टीव्हीसमोर? वर्ल्ड कप होऊ दे, मग उभा चिरा मला."

"मी ट्रेफर नाही," मी म्हटलं.

तू हसलास. "माहितीये. ट्रेफरच्या मी पाया पडलो होतो. तुला नुसतं सांगतोय."

अकॅडमीच्या करारासाठीचा तुझा फिटनेसचा फॉर्म माझ्यासमोर टेबलावरच होता. गुडघ्याचं सगळं मी भरलं होतं. शेवटी एकच प्रश्न उरला होता, याखेरीज डॉक्टरांना दाखवण्यासारखी काही तक्रार आहे का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही.

मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली.

का केली हे गेले तीन आठवडे मी स्वतःला विचारतेय. फडकं तोंडावर धरून उभा असलेला तू डोळ्यांसमोर होतास, हे खरं. पार्किंगमधले तेरा दिवसही होते. पण तुला काय खोटं सांगू, बाहेर सहा पेशंट ताटकळले होते, रिसेप्शनवरची पोरगी दोनदा डोकावून गेली होती आणि मला वाद घालायचा कंटाळा आला होता. पाच वर्षं एकाच माणसाशी एकाच गोष्टीवरून भांडल्यावर, जिथे खरंच भांडायला हवं होतं तिथे मी दमले. तू उठलास, माझ्या डोक्यावर टपली मारलीस, "शुक्रन, बाख" म्हणालास आणि लंगडत गेलास.

मग मी काय केलं, तर दर आठवड्याला मेसेज टाकला, दाखवलंस का. तू अंगठा पाठवायचास. त्या अंगठ्याचा अर्थ 'हो' नव्हता हे मला कळत होतं. ऑगस्टमध्ये मी सुट्टीवर नाशिकला गेले, आईच्या मोतीबिंदूच्या गडबडीत मेसेज राहून गेले. परत आल्यावर म्हटलं, शुक्रवारी भेटेलच, तेव्हा कान पकडून नेते.

शुक्रवारी संध्याकाळी रंगरावचा फोन आला. तुझ्या फोनमध्ये माझं नाव सगळ्यात वर होतं म्हणून त्याने मला लावला. "ताई, सर खाली बसलं ते उठंनातच. पानी मारलं, हाका मारल्या. गाडी बोलावलीया, पर तुमी या ताई, लवकर या." मागे माणसांचा गलका होता, चार भाषांमधला. मी पोचेपर्यंत तुला नेलं होतं. रंगराव मैदानावरच थांबला होता, हातात तुझी शिट्टी. म्हणाला, "मगाशीच पायऱ्या चढून वर गेल्तं, पोरं कशी रांग धरत्यात बघायला. खांदा चोळत खाली आलं. मला वाटलं, कुठं आपटलं आसंल."

त्याला जे वाटलं ते त्याला वाटणं साहजिक होतं. मला तसं म्हणता येत नाही.

पुढचे दिवस कागदांत गेले. हॉस्पिटल, पोलीस, वकिलात, विमान कंपनी. सुहास रजा टाकून माझ्याबरोबर रांगांमध्ये उभा राहिला, तुझ्या नावाचं स्पेलिंग प्रत्येक खिडकीवर नव्याने सांगत. तुला विमानात चढवून परत येताना गाडीत मी त्याला फॉर्मवर 'नाही'ची खूण केल्याचं सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली. मग म्हणाला, "हे बघ, ग्वेनला यातलं काही सांगू नकोस. म्हातारी बाई आहे, तिला कळून काय होणार? आणि लेखी तर अजिबात काही देऊ नकोस. लायसन्स जाईल तुझं."

"ती स्वतःला दोष देतेय, सुहास. तिने येऊ दिलं नाही म्हणून तो गेला असं धरून बसलीये."

"देईल थोडे दिवस. मग विसरेल."

सुहास वाईट माणूस नाही, तुला ठाऊकच आहे. त्याला मी हवी आहे, धड. पण त्याच्या तोंडून ते ऐकताना मला कळलं की ट्रेफरच्या घरीही कुणीतरी त्याला असंच समजावलं असणार. आणि त्याने ते ऐकलं असणार. तुला मी विचारलं होतं एकदा, ट्रेफर पुढे कधी त्याबद्दल बोलला का. तू म्हणालास, "कधीच नाही. त्याला बोलायची गरजच पडू दिली नाही मी." तेव्हा मला ते तुझं मोठं मन वाटलं होतं. आता वाटतं, त्या बिचाऱ्याचा तू जीव घुसमटवलास. इतकी वर्षं कार्डं पाठवून.

कारण मला माहितीये तू मला काय म्हणाला असतास. मानेला झटका देऊन हसला असतास. "मी मागितलं, तू दिलंस. सोड, बाख." मला ते ऐकायचंच नाही. रात्रंदिवस तेच ऐकू येतंय.

तर आपलं भांडण मी मिटवत नाहीये. ट्रेफर चुकला होता, हे माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. फक्त आता ते त्याच्यावर ओरडून म्हणता येत नाही.

आज दुपारी क्लिनिकच्या प्रमुखांकडे लेखी दिलं, काय झालं ते, तारखेसकट. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "हे नक्की द्यायचंय का तुम्हाला?" मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात बोलावतील. मग गाडीत बसूनच ग्वेनला फोन लावला. घरी जाऊन लावला असता तर सुहासच्या तोंडाकडे बघून राहून गेलं असतं.

ती खुशीतच होती थोडी, शेजारणीने केक आणून दिला होता म्हणे. मी मध्येच म्हटलं, "ग्वेन, मी तुमच्याशी खोटं बोलले. त्याने मला जुलैमध्ये सांगितलं होतं. मला कळलं होतं ते हृदयाचं आहे. मी लिहिलं नाही." मग फॉर्मचं सांगितलं, खुणेचं सांगितलं. एकदाही तुझं नाव पुढे केलं नाही, त्यानेच वर्ल्ड कपपर्यंत थांब म्हटलं होतं असं म्हणाले नाही. तेवढं जमलं मला.

मग ती म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस."

"हो."

"रोज सकाळी उठल्याबरोबर मला तेच आठवतं. मी त्याला येऊ नको म्हटलं ते. तीन आठवडे. आणि तुला माहीत होतं."

मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही.

"मला पुन्हा फोन करू नकोस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कधीच करू नकोस." आणि तिने फोन ठेवला.

मी पार्किंगमध्ये बसून राहिले. किती दिवसांनी पहिल्यांदाच पूर्ण श्वास घेतला असेन. तू माफ केलं असतंस, सुहासने केलंच आहे, रंगरावला तर माफ करण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नाही. एकटी ग्वेन नाही म्हणाली, जे मी तुला म्हणायला हवं होतं. तुझी बहीण तुझ्यासारखी नाही, एमरिस. फार बरं झालं.